काटा ऐंशीच्या आत होता, तरी ट्रॉली का दिसली नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापूरहून बार्शीला बँकेत नोकरीसाठी स्वतःच्या गाडीनं ये-जा करता. गाडी शिकून दोन वर्षं झाली, काटा ऐंशीच्या वर कधी जाऊ देत नाही. गेल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वैराग सोडल्यावर समोरून एक ट्रक आला, तो निघून गेला आणि पुढ्यात एकदम उसानं भरलेली ट्रॉली उभी राहिली. मागे दिवा नाही, काही नाही. तुम्ही ब्रेक दाबत गाडी साइडपट्टीवर उतरवली आणि वाचलात. आता तुम्ही विचारताय की चूक कोणाची, तुमच्या वेगाची की ट्रॉलीवाल्याची? आणि घरचे म्हणतात अंधारात गाडी चालवूच नकोस, ते ऐकावं का?

मी एसटीत चालक होतो आणि पुढे नव्या चालकांना शिकवायचं काम केलं. सोलापूर जिल्ह्यातले रस्ते हाच माझा वर्ग होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॉलीवाल्याची चूक आहेच. मागे दिवा आणि रिफ्लेक्टर नसताना रात्री रस्त्यावर येणं हा कायद्यानंही गुन्हा आहे. पण त्या क्षणी त्याची चूक तुम्हाला दुरुस्त करता येत नव्हती, स्वतःचा वेग मात्र तुमच्या हातात होता. आणि तो वेग त्या ठिकाणी, त्या उजेडात जास्त होता. ऐंशी हा आकडा त्या रस्त्यावर कोरड्या दिवशी भर दुपारी ठीक असेल. अंधारात डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली असताना, तोच आकडा जास्त होतो.

हिशोब करून बघू. डिपरच्या उजेडात अंगावर चमकणारं काही नसलेली वस्तू साधारण ४० ते ५० मीटरवर दिसते. ऊस लादलेली ट्रॉली, काळी म्हैस, गडद कपड्यातला माणूस, सगळ्यांना हेच लागू. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. अचानक काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या चालकालाही दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर संपले. त्यानंतर कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर, पूर्ण दाबलेला ब्रेक, हे सगळं जुळून आलं तरी गाडी उभी राहायला आणखी ३५ मीटर लागतात. एकूण झाले जवळपास ७० मीटर, आणि तुम्हाला दिसत होतं ४५ मीटरपर्यंतचं. उरलेले पंचवीस मीटर तुम्ही साइडपट्टीवर काढलेत. तिथं साइडपट्टी होती, ती रिकामी होती आणि खचलेली नव्हती, म्हणून काढता आले.

आता हाच हिशोब ताशी ६० ला करा. दीड सेकंदात २५ मीटर आणि ब्रेकिंगला २०, म्हणजे ४५. जेमतेम. म्हणून डिपरवर असताना त्या रस्त्यावर ५०-५५ हा माझ्या मते खरा वेग आहे, अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत, लावता येत असेल तेव्हा ७०.

मी शिकवताना एवढी एकच गोष्ट घोटून घ्यायचो. तुम्हाला रस्त्याचा जेवढा तुकडा मोकळा दिसतोय, त्या तुकड्याच्या आत गाडी उभी करता आली पाहिजे. वळण असो, चढाचा माथा असो, धुकं असो, समोर ट्रकची पाठ असो, सगळीकडे हेच माप. पाटीवर लिहिलेली वेगमर्यादा ही वरची हद्द असते. तेवढ्या वेगानं गेलंच पाहिजे असा तिचा अर्थ नाही.

वेग थोडाच वाढवला तर काय बिघडतं, असं पुष्कळ जण विचारतात. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीजवळ सकाळी विडी कामगार बायका रस्ता ओलांडत असतात, रिक्षा मध्येच थांबतात. समजा उभ्या रिक्षाच्या पुढून एक बाई अचानक रस्त्यात आली. ताशी ५० नं येणारा चालक ३५ मीटरमध्ये थांबतो, बाईच्या पुढ्यात, पण थांबतो. ताशी ६० नं येणारा त्याच जागी ब्रेक दाबतो, तरी बाईपाशी पोचताना त्याची गाडी अजून ताशी ४०-४५ च्या वेगात असते. फरक फक्त दहाचा, पण पहिल्यात कोणाला खरचटतही नाही आणि दुसऱ्यात माणूस जाऊ शकतो. पुणे हायवेवर ८० आणि १०० मधला फरकही असाच. ८० वाला जिथं उभा राहतो, तिथं १०० वाला अजून ७० च्या आसपास असतो. वेग वाढला की ब्रेकिंगचं अंतर त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढतं. दुप्पट वेगाला ते चौपट लागतं.

आता तुमच्या प्रसंगाकडे येतो, कारण त्यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

समोरून अप्पर लावून ट्रक येतो तेव्हा आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात. ट्रक बाजूनं निघून जातो, पण डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला काही सेकंद लागतात, वय वाढेल तसे जास्तच. त्या दोन-तीन सेकंदांत ऐंशीच्या वेगात तुम्ही पन्नास-साठ मीटर जवळजवळ आंधळ्यासारख्या जाता. आणि माणसाचा स्वभाव असा, की ट्रक गेला की हायसं वाटतं आणि पाय आपोआप अ‍ॅक्सिलेटरवर जातो. उसाच्या हंगामात रात्रीचे बरेच अपघात याच दोन-तीन सेकंदांतले.

करायचं उलटं. समोरचे दिवे लांब असतानाच डिपर द्या आणि पाय अ‍ॅक्सिलेटरवरून काढा. नजर त्या दिव्यांवर ठेवू नका, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. पट्टी पुसलेली असेल तर डांबर आणि मातीची कड धरा. वेग पन्नासच्या खाली येऊ द्या. ट्रक बाजूनं गेल्यावर लगेच अप्पर लावा, पण रस्ता स्पष्ट दिसेपर्यंत वेग वाढवू नका. त्यानं अप्पर खाली केला नाही म्हणून आपणही अप्पर मारून ठेवायचा, हे तर कधीच नको. एक आंधळा पुरे, दोन कशाला?

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. समोरून येणारे दिवे नुसते त्रास देत नाहीत, खबरही देतात. रस्ता सरळ असेल आणि लांबच्या ट्रकच्या दोन दिव्यांपैकी एक क्षणभर झाकला गेला, तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये काहीतरी आहे. दिवे न झाकताच खालीवर हलले तर तिथं खोलगट भाग आहे किंवा खड्डे आहेत. ट्रकनं काही कारण नसताना डिपर दिला किंवा थोडा बाजूला सरकला, तर तो तुमच्यासाठी सरकलेला नसेल, ट्रॅक्टरसाठी सरकला असेल. पुढच्या झाडांच्या बुंध्यांवर मंद पिवळट उजेड हळूहळू सरकताना दिसला, तर तो ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्याचा असतो. मागून तो ट्रॅक्टर दिसत नाही, पण त्याचा उजेड दिसतो.

ट्रॉलीला मागे दिवे का दिसत नाहीत, हेही समजून घ्या. काही ट्रॉल्यांना ते नसतातच. पण कारखान्यावरून रिफ्लेक्टर लावून घेतलेल्या ट्रॉलीवरही मोळ्या मागे इतक्या लोंबतात की रिफ्लेक्टर वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकून जातो. त्यात दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असल्या की मागची थोडी डुलत चालते, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. ओव्हरटेक करताना जागा डोळ्यांना वाटते त्याहून कमी असते. दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर धरून ही लांबी ट्रकपेक्षा जास्त भरते. अर्ध्यात आल्यावर समोर दिवे दिसले तर मागे जायला वेळ उरत नाही. दुपदरी रस्त्यावर समोरचा लांबपर्यंतचा रस्ता मोकळा दिसत नसेल तर ट्रॅक्टरच्या मागे वीसच्या वेगानं चाललेलं बरं. फाटा किंवा गाव आलं की बहुतेक ट्रॅक्टरवाले साइड देतात.

आणि ट्रॉली दिसायच्या आधी तिच्या खुणा दिसतात. रस्त्यावर उसाच्या कांड्या, पाला पडलेला दिसला की पुढं एक-दोन किलोमीटरमध्ये ट्रॉली आहे असं धरून चाला. ताजं शेण दिसलं तर बैलगाड्या. ऊसतोडीच्या बैलगाड्या पहाटे निघतात, एकामागे एक आठ-दहा असतात, आणि चालवणारा पोरगा बऱ्याचदा रात्रभर झोपलेला नसतो. रस्त्याच्या कडेला दगड मांडलेले दिसले तर पुढं पंक्चर झालेली किंवा अ‍ॅक्सल तुटलेली गाडी उभी आहे. ती गाडी सकाळी निघून गेली तरी दगड तसेच राहतात, दुचाकीवाल्यांसाठी ते ट्रॉलीइतकेच वाईट. कधी थांबून दोन दगड बाजूला करता आले तर जरूर करा. गाडी नीट कडेला घेऊन, हॅझर्ड (चारही इंडिकेटर) लावून, आणि दिवसाच.

तुमच्या रस्त्यावर नान्नजचा भाग वेगळा आहे. माळढोक अभयारण्याच्या आसपास काळविटं आहेत आणि ती रस्ता ओलांडतात, विशेषतः सकाळी लवकर आणि दिवस मावळताना. एक काळवीट उडी मारून गेलं की लोक सुटलो म्हणून पुढं जातात. कळपातलं एक गेलं की मागची येतातच, त्यामुळे पहिलं दिसल्यावर थांबायच्या तयारीनं चाला आणि डावी-उजवी दोन्हीकडे बघा. आणि हे कुत्र्यालाही लागू, काळविटालाही: ब्रेक सरळ रेषेत दाबा, स्टिअरिंग झटक्यानं फिरवू नका. जनावर वाचवायला जाऊन गाडी उलटल्याची, समोरच्या दुचाकीवर गेल्याची उदाहरणं मी पुष्कळ पाहिलीत. गाडीला एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरून ठेवा. पायाखाली थरथर जाणवेल. ती ब्रेक काम करत असल्याची खूण आहे, घाबरून पाय सोडू नका.

आपल्याकडची काळी माती हा आणखी एक छुपा प्रकार. पाऊस पडून गेल्यावर ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो आणि चाकांची माती शे-दोनशे मीटर डांबरावर चोपडत जातो. ती ओली असताना तिच्यावर टायर पकड घेतच नाही. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळही वर येते, तेव्हाही असंच घसरतं. शेताचा रस्ता डांबराला मिळतो तिथं तपकिरी-काळे पट्टे दिसले की पट्ट्यांवर जायच्या आधीच वेग कमी करा, पट्ट्यांवर ब्रेक दाबू नका. सुगीत लोक सोयाबीन, तूर, ज्वारी रस्त्यावरच पसरतात. दाण्यांवर ब्रेक दाबला तर दुचाकी आडवी होते आणि मोटारही घसरते. त्यात भर म्हणजे त्या खळ्याभोवती मांडलेले दगड रात्री दिसत नाहीत.

फरशी पुलांबद्दल फार बोलायला नको, फक्त एवढं: पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. ऑक्टोबर २०२० च्या पावसात या जिल्ह्यानं काय पाहिलं ते तुम्हाला आठवत असेल. गुडघाभर वाहतं पाणी छोटी मोटार ढकलून नेऊ शकतं, आणि पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे ते वरून कळत नाही. पुढचा गेला म्हणून आपणही जायचं, हे इथं चालत नाही.

आणखी दोन काळ लक्षात ठेवा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडचे सगळे रस्ते, आणि नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरचा रस्ता. कोजागरीला सोलापुरातून आणि कर्नाटकातून लोक रात्रभर चालत तुळजापूरला जातात, रस्त्यातली वाहतूकही वळवतात. वारकऱ्याचे पांढरे कपडे निदान दिसतात, पण रात्री चालणारे भाविक अंगावर चादर किंवा घोंगडी घेतलेले असतात, ते अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. घोळक्याच्या पुढं-मागं एखादा एकटा-दुकटा थकून डांबराच्या कडेला बसलेला असतो. मुख्य घोळका मागे पडला म्हणून वेग वाढवू नका, त्याला शोधा. त्या दिवसांत जाणं टाळता येत असेल तर टाळा.

चौपदरी हायवेवर तुम्ही फारशा जात नाही असं लिहिलंय, म्हणून थोडक्यात सांगतो. मोहोळ-टेंभुर्णीकडे रस्ता मोठा, सरळ, म्हणून निर्धास्त वाटतं. तिथला धोका दुभाजकातल्या कटमधून येतो. ढाबा किंवा पेट्रोल पंप दिसला की तीन गोष्टी धरून चाला: कडेला दिवे बंद करून उभा असलेला ट्रक, राँग साइडनं येणारी दुचाकी, आणि कटमधून हळूहळू तोंड बाहेर काढणारा टँकर. संध्याकाळी पुण्याकडे जाताना सूर्य समोर असतो. काच आतून पुसलेली नसेल तर उजेड काचेवरच पसरतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. बाहेरची काच सगळे पुसतात, आतली कोणी पुसत नाही.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला आमच्याकडे साधी पद्धत होती. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी किंवा खांबापाशी पोचली की शांतपणे एकदा ‘जय जय राम कृष्ण हरी’ म्हणा. ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. एकदा म्हणायला साधारण दोन सेकंद लागतात. पावसात आणि रात्री दोनदा म्हणा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या, डावीकडे सरकून त्याला जाऊ द्या.

हे सगळं वाचून लक्षात ठेवणं अवघड आहे, ते सवयीत आणायला लागतं. त्यासाठी एक सराव सांगतो, मी शिकाऊ चालकांकडून हाच करून घ्यायचो. रविवारी दिवसा, घरातलं कोणीतरी शेजारी बसवून, पंधरा-वीस मिनिटं मोठ्यानं बोलत गाडी चालवा. जे दिसतं ते आणि त्याच्यामागे काय असू शकतं ते, दोन्ही बोलायचं. ‘डावीकडे एसटी थांबलीय, पुढून माणूस येईल, पाय ब्रेकवर. पोरं शाळेच्या गेटवर, हळू. विजेचे खांब उजवीकडे वळलेत, रस्ताही वळणार. समोरच्यानं ब्रेक मारला, मला कारण दिसत नाही, स्पीड ब्रेकर असेल.’ सुरुवातीला बोलणं गाडीच्या मागे पडतं. ते मागे पडतंय याचा अर्थ त्या वेगात तुमचं डोकं रस्त्याच्या मागे आहे. वेग कमी करा, मग बोलणं गाडीच्या पुढं जायला लागतं. काही आठवडे असं केलं की मोठ्यानं बोलायची गरज उरत नाही, मनातल्या मनात चालू राहतं. त्यात ‘पाय ब्रेकवर’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. शंका आली की अ‍ॅक्सिलेटरवरून पाय उचलून ब्रेकवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. त्यानं अर्धा सेकंद वाचतो, म्हणजे साठच्या वेगात आठ मीटर. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

गाडीबद्दल एकच सांगतो, टायर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो. हवा कमी असलेला टायर वेगात जास्त तापतो आणि फुटतो. बरेच जण उन्हाळा म्हणून मुद्दाम हवा कमी भरतात, ते चुकीचं आहे. कंपनीनं दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरा, तीही सकाळी टायर थंड असताना. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर दिसायला चांगला असला तरी मेकॅनिककडून तपासून घ्या. चालू गाडीत फुटलाच तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ब्रेकवर जोर देऊ नका, गाडीला आपणहून हळू होऊ द्या.

आता घरच्यांचा प्रश्न. अंधारात गाडी चालवूच नये, असं मी म्हणणार नाही. तुमची नोकरी आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत सहाच्या आसपास दिवस मावळतो, बँकेतून त्याआधी निघणं दर वेळी कुठून जमायचं? पण त्यांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांना हा हिशोब दाखवा. तुमच्या वाटेत खरा काळोखाचा पट्टा वैराग ते नान्नज, पंचवीस-तीस किलोमीटरचा. तो ऐंशीनं काढला काय आणि साठनं काढला काय, फरक सहा ते साडेसात मिनिटांचा. कारखाने चालू असतील तोपर्यंत, म्हणजे साधारण मार्चपर्यंत, तो पट्टा डिपरवर पन्नास-पंचावन्ननं आणि अप्परवर सत्तरच्या आत काढा. वैराग सोडताना घरी एक फोन करा आणि मग मोबाइल मागच्या सीटवर टाका. घरच्यांनाही सांगून ठेवा, की मधे फोन करायचा नाही आणि पोचायला वीस मिनिटं उशीर झाला तर काळजी करायची नाही. कधी फार दमला असाल, जांभया येत असतील, तर गाडी बार्शीत ठेवून एसटीनं या. काही दिसलंच, म्हणजे रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली, अपघात, तर पुढं सुरक्षित जागी थांबून ११२ ला कळवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.